हिरवं पाणी : आरएक्स १००चं क्रोम उतरवल्याच्या नोंदी

४ जानेवारी, रविवार

काकांची आरएक्स १०० मोटारसायकल आज पूर्ण उघडली. १९९२ची गाडी. त्यातली अकरा वर्षं गगनबावड्याला, शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलेली. गगनबावड्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. इंजिन ९८ सीसीचं, अजून दुसऱ्या किकला सुरू होतं, त्याला हात लावायचा नाही. प्रश्न क्रोमचा आहे. लांबून बघितलं तर चकचकीत, जवळ गेलं की गोवर उठल्यासारखे ठिपके. पुढच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे चिखल धरून राहतो तिथे, प्लेटिंगचा, म्हणजे वर चढवलेल्या धातूच्या मुलाम्याचा, पापुद्रा नखाने उचलता येतो. खाली काताच्या रंगाची भुकटी.

परत क्रोम करायचं नाही, काळा रंग द्यायचा असं ठरवलंय. मित्र वैतागला. "आरएक्सचा मडगार्ड काळा? शिंगं कापलेल्या म्हशीगत दिसंल." दिसू दे. गाडी पावसात फिरवायची आहे, प्रदर्शनात उभी करायची नाही.

संध्याकाळी लोहचुंबक घेऊन बसलो. प्रत्येक वस्तूला लावून बघायचा आणि ढीग करायचे. दोन्ही मडगार्ड, हेडलाइटची रिंग, लेग गार्ड, साडी गार्ड, हँडल : खटकन धरतो, म्हणजे लोखंड. इंडिकेटरच्या वाट्या : वजनच नाही, टिचकी मारली तर 'टप्' आवाज, म्हणजे क्रोम चढवलेलं प्लास्टिक. आरशाच्या बुडाचा तुकडा : हातात जड, पण चुंबक जेमतेम ओढ खातो. ही ओढ फसवी असते, कारण वरच्या निकलच्या थरालाही चुंबक थोडा धरतो. आत बहुधा जस्ताचं ओतकाम.

तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा : ज्यांना हातच लावायचा नाही असे भाग. पुढच्या शॉकअपच्या नळ्या यात पहिल्या. त्यांच्यावरचं क्रोम शोभेचं नाही. ते जाड, कठीण क्रोम, आतलं तेल अडवणारं ऑइल सील त्यावरच घसरतं. ते काढलं की नळी गेली. एक्सल, स्प्रिंगा, ताणाखाली असणारे बोल्टही याच ढिगात. का ते पुढे लिहितो. सायलेन्सर तसाच ठेवतोय, टू-स्ट्रोकच्या तेलाने आतून माखलेली ती नळी कुठल्याही टबात बुडवायची माझी तयारी नाही.

१० जानेवारी, शनिवार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका प्लेटिंगवाल्याकडे गेलो. वय साठीच्या पुढचं, बोटांना कायमचा करडा रंग. मडगार्ड हातात घेतला, उजेडाकडे तिरपा धरला आणि म्हणाले, "पाव्हणं, क्रोम क्रोम काय करताय? क्रोम म्हंजे वरची साय. चमकतंय ते खालचं निकल."

हे मी वाचलं होतं, पण त्यांनी मडगार्ड तिरपा करून दाखवल्यावर खरं कळलं. शोभेच्या प्लेटिंगमध्ये क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस सत्तर-एक मायक्रॉन धरला तर तेवढ्या जाडीला एकशेचाळीस ते दोनशेऐंशी थर एकावर एक ठेवावे लागतील. त्याखाली निकल, दहा ते तीस मायक्रॉन, म्हणजे क्रोमच्या कित्येक पट जाड. काही कामांत निकलच्याही खाली तांबं. क्रोम फक्त निकलला काळं पडू देत नाही आणि त्या पिवळसर धातूवर निळसर झाक आणतं.

म्हणजे 'क्रोम काढायचंय' म्हणणारा प्रत्येक जण नकळत दोन वेगळी कामं एकत्र बोलत असतो. क्रोम काढणं सोपं. निकल काढणं अवघड, आणि बहुतेक वेळा गरजेचंही नाही. जिथे निकलने लोखंड घट्ट धरलंय तिथे ते राहू द्यायचं, फक्त खरखरीत करायचं. जिथे सोडलंय तिथे मात्र एक कणही ठेवायचा नाही, नाहीतर वर कितीही महागडा रंग मारा, तो पापुद्र्यासकट येईल.

मी त्यांना बॅटरी चार्जर आणि कॉस्टिक सोड्याचा उपाय विचारला. मोबाइलवर हा प्रकार भरपूर दिसतो : वस्तू पॉझिटिव्हला जोडायची, कॉस्टिकच्या पाण्यात सोडायची, क्रोम पाण्यात उतरतं. त्यांनी मानच हलवली. "पाणी पिवळं हुतंय त्यात. त्ये घरात करू नगासा. लेकरं हायत न्हवं घरात?"

पिवळं म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम. कर्करोग करणारं म्हणून सिद्ध झालेलं, पाण्यात सहज विरघळणारं, जमिनीत उतरणारं. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटच्या जुन्या कारखान्याच्या कचऱ्याने भूजलाचं जे झालं ते याच जातीचं. ॲसिडमध्ये क्रोम उतरतं तेव्हा पाणी हिरवं होतं. ते ट्रायव्हॅलंट, तुलनेने सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, पण निवड करायची तर पिवळ्यापेक्षा हिरवं. चार्जरचा विषय तिथेच संपला.

११ जानेवारी, रविवार

जुन्या बाजारातून एक तडकलेला आरएक्सचाच मडगार्ड आणलाय, प्रयोगापुरता. ज्याला असं काही करायचंय त्याने आधी एक भंगार तुकडा मिळवावा.

आधी नुसता हाताने घासून बघितला. १२० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून. पहिली दहा मिनिटं कागद नुसता घसरतो, चमक तशीच. क्रोम कडक असतं, पोलादी कानसही त्यावर बोटं मोडते. मग एकदा कुठेतरी थर फुटला की तिथून वाट मिळते. तासाभरात दोन तळहातांएवढी जागा झाली आणि दंड भरून आले. ऑर्बिटल सँडर (विजेवर चालणारं घासायचं यंत्र) असता तर सपाट भागावर हेच काम निम्म्या वेळात झालं असतं, पण मडगार्डच्या वळलेल्या कडांना तो काही कामाचा नाही.

या प्रयोगात एक सुंदर गोष्ट दिसली. घासलेल्या जागेच्या कडेला तीन रंगांच्या रेषा उमटतात, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारख्या. बाहेर निळसर क्रोम, आत पिवळसर निकल, मधोमध करडं लोखंड. तांब्याची लाल रेघ कुठेच नाही, म्हणजे या मडगार्डला तांब्याचा थर दिलेलाच नव्हता. हे नंतर फार उपयोगी पडलं. कुठे थांबायचं ते डोळ्यांना कळतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर ॲसिड आणायला गेलो. दुकानदाराने ओळखपत्र मागितलं आणि जाड वही पुढे केली : नाव, पत्ता, किती घेतलं, कशासाठी. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आणले, तेव्हापासूनचा नियम. 'कशासाठी'च्या रकान्यात "मडगार्डचं क्रोम काढण्यासाठी" लिहिलं. दुकानदाराने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाच-पाच लिटरचे दोन कॅन दिले. हायड्रोक्लोरिक ॲसिड, साधारण तीस टक्क्यांचं.

आईने विचारलं, "हे संडासात टाकायचं तेच ना?" म्हटलं, "तेच, पण त्याचा मोठा भाऊ." संडास धुवायच्या ब्लीचिंगजवळ तिने ते ठेवू नये म्हणून कॅन लगेच परड्यात नेले. ब्लीचिंग आणि हे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

१८ जानेवारी, रविवार

आजचा दिवस डुबकीचा.

मडगार्ड बादलीत मावत नाही, कमानीसारखा असतो. गावाकडे निळं प्लास्टिकचं पिंप उभं चिरून जनावरांना पाणी पाजायला डोण करतात, तसं एक अर्धुक मिळवलं. परड्यात, उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून मांडलं. तोंडावर ॲसिडची वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क, डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, आईचा जुना रेनकोट उलटा घातलेला. शेजारी नळाला जोडलेली पाइप आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने भरलेली बादली. कुत्रं बांधून ठेवलं.

आधी दहा लिटर पाणी, मग त्यात सावकाश दहा लिटर ॲसिड. उलटं कधीही नाही. ॲसिडवर पाणी ओतलं तर ते जागीच उकळून अंगावर उडतं.

डिझेल आणि साबणाने धुतलेला प्रयोगाचा मडगार्ड, एक टोक वर कोरडं ठेवून, आत सोडला. काही नाही. तीन मिनिटं, चार मिनिटं, चकचकीत मडगार्ड पाण्यातून माझ्याकडे बघतोय. क्रोमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक अदृश्य पडदा असतो, तो ॲसिडला दाद देत नाही. मग गंजलेल्या कडेपाशी बारीक बुडबुडे आले, आणि तिथून एखादी सतरंजी गुंडाळत न्यावी तसा फेस मडगार्डभर सरकत गेला. त्याच्या मागे पाण्यात हिरवी धार. आठव्या मिनिटाला फेस बसला. तो बसला म्हणजे क्रोम संपलं. बाहेर काढलं तर चमक तीच, पण रंग बदललेला, ऊबदार, किंचित पिवळा. निकल. तेवीस वर्षांच्या पुतण्याने, जो लांब उभा राहून बघत होता, विचारलं, "दादा, काहीच झालं नाही की?" त्याला वाटलं लोखंड दिसेल.

ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. विडी, शेगडी, ग्राइंडरच्या ठिणग्या काहीही जवळ नको. आणि सगळाच हायड्रोजन हवेत जात नाही, थोडा लोखंडात शिरतो. साध्या पत्र्याला त्याने फरक पडत नाही. कडक पोलादाला, म्हणजे स्प्रिंग, एक्सल, चांगल्या प्रतीचे बोल्ट, त्याने आतून ठिसूळपणा येतो आणि वस्तू एके दिवशी कल्पना न देता तुटते. चार तारखेच्या तिसऱ्या ढिगाचं कारण हे. हँडलही मी याच भीतीने डुबवलं नाही.

फेस बसल्यावर एक मिनिटही जास्त ठेवू नये. मागचा मडगार्ड मी "अजून जरा" म्हणून चार मिनिटं जास्त ठेवला. निकलच्या बारीक छिद्रांतून ॲसिड खाली लोखंडात गेलं आणि बशीएवढ्या भागातलं निकल फुग्यासारखं उचललं गेलं. नुकसान म्हणावं तर नाही, तो भाग कधीतरी सुटणारच होता. पण घासायचं काम वाढलं.

बाहेर काढलं की लगेच धार, मग सोड्याच्या बादलीत बुचकळून फसफस थांबेपर्यंत, परत धार, मग कढत पाणी, म्हणजे पत्रा स्वतःच्या उष्णतेने वाळतो. हेडलाइटच्या रिंगेच्या वेळी कढत पाणी संपलं होतं. आत जाऊन आणेपर्यंत रिंग नारिंगी झाली. पाच मिनिटं लागली असतील.

आरशाच्या बुडावर आतल्या बाजूला, चरा पाडून, ॲसिडचा एकच थेंब टाकला. तव्यावर पाणी पडल्यासारखा उसळला आणि खाली काळा खड्डा. जस्तच. टबात टाकलं असतं तर क्रोमच्या आधी आरसा गेला असता.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी ऑफिसला जायच्या आधी शेडचं दार उघडलं आणि बसलोच.

काल रात्री, कुत्र्याचं तोंड जायला नको म्हणून, ते अर्धुक शेडच्या आत घेतलं होतं. वर प्लायचा तुकडा ठेवला होता. मला तो झाकण वाटला, वाफेला वाटला नाही. भिंतीवर ओळीने टांगलेले सगळे पाने लाल. ड्रिलचा चक लाल. बारीक मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या जबड्यांवर केसांसारखा बारीक गंज. गाडीची चेन, चाकांच्या तारा, कालच सोड्यात धुऊन ठेवलेले मडगार्डही. एका रात्रीत. गगनबावड्याला जे अकरा वर्षांत झालं त्याची छोटी आवृत्ती.

ॲसिडचा वास येतो म्हणजे ॲसिडच हवेत फिरतंय, एवढी साधी गोष्ट. पाने सोड्याच्या पाण्यात धुऊन, पुसून, तेल लावून ठेवले. व्हर्नियर गेला. तो माझ्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा होता.

हिरवं पाणी संध्याकाळी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून परड्याच्या टोकाला ठेवलं.

२५ जानेवारी, रविवार

दिवसभर घासकाम. उचललेलं निकल आधी बोथट पटाशीने खरवडून काढलं. ते पत्र्याच्या पापुद्र्यासारखं कुरकुरतं, कडा ब्लेडइतक्या धारदार, हातमोजे लागतात. मग त्या जागेच्या कडा १२० आणि नंतर १८० नंबरने उतरत्या केल्या, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. डोळ्यांना निकल आणि लोखंडाची रेघ दिसली तरी चालेल, बोटाला लागली नाही पाहिजे. बाकी घट्ट निकल २२० नंबरने पाणी लावून मंद केलं, एकही चमकता ठिपका न ठेवता. पाणी लावून घासण्याचं कारण धूळ. निकलची धूळ फुप्फुसाला वाईट आणि बऱ्याच जणांच्या कातडीला खाज आणते. ओल्या कागदाचा चिखल फडक्याने पुसून वेगळ्या पिशवीत टाकला.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून आलो आणि दुपारच्या उन्हात इपॉक्सी प्रायमर मारला, दोन हात. आधी थिनरने पुसणं, मग हाताचा घामही लागू न देणं. निकलवर साधा रेड ऑक्साइड मारू नका, तो नखाने निघतो. रात्री गारठा होता, प्रायमर घट्ट करणारा हार्डनर सुस्त पडला. मडगार्ड घरात आणून बल्बखाली ठेवला. वास आला म्हणून आईने दोन दिवस बोलणं टाकलं.

प्रयोगाच्या मडगार्डवर मुद्दाम तीन पट्टे ठेवले होते : एका पट्ट्यात क्रोम न काढता वरवर घासलेलं, दुसऱ्यात खरखरीत निकल, तिसऱ्यात उघडं लोखंड. तिन्हींवर तोच प्रायमर.

१ फेब्रुवारी, रविवार

आठवडा वाळवल्यावर चाचणी. ब्लेडने सहा उभे, सहा आडवे चरे, लहान चौकोनांची जाळी, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून एका झटक्यात ओढायची. लोखंडावरचा एकही चौकोन हलला नाही. निकलवरचाही नाही. वरवर घासलेल्या क्रोमवरचे अकरा चौकोन पट्टीला चिकटून आले, खाली क्रोम आरशासारखं हसतंय. ती पट्टी मी वहीत चिकटवून ठेवलीय.

लेग गार्ड आणि साडी गार्डसाठी आता ॲसिडचा टब परत भरायचा नाही. उद्यमनगरात फाउंड्रीची कामं करणारे ब्लास्टिंगवाले आहेत, हवेच्या जोराने बारीक कणांचा मारा करून थर उडवणारे, त्यांच्याकडे दिले. पाऊण तासात दोन्ही करडे, खरखरीत, थेट प्रायमर मारण्याजोगे. जाड नळीच्या वस्तूंना हाच मार्ग. मडगार्डचा पातळ पत्रा मात्र ब्लास्टिंगच्या माऱ्याने लाह्यांसारखा फुगू शकतो, म्हणून तो त्यांना दिला नाही. हँडल हातानेच घासलं. नदीची वाळू मारणाऱ्याकडे जाऊ नये, त्या धुळीने तिथे काम करणाऱ्या पोरांची फुप्फुसं जातात.

८ फेब्रुवारी, रविवार

वरचा काळा रंग पेंटरकडून मारून घेतला. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासाला घातक, माझा मास्क त्याला पुरेसा नाही आणि त्याच्याकडे बाहेरची हवा पुरवणारा मास्क आणि बूथ आहे. मडगार्ड बसवले. मित्राने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "बरं दिसतंय." कोल्हापुरात याच्यावर कौतुक नसतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

राहिलं हिरवं पाणी.

जवळजवळ महिना ते कॅन परड्यात होते आणि मी त्यांच्याकडे न बघता जात होतो. डुबकी आठ मिनिटांची, आणि तिचं वीस लिटर पाणी. त्यात क्रोम, निकल, लोखंड, आणि अजून बरंच न वापरलेलं ॲसिड. गटारीत ओतायचं नाही, परड्याच्या मातीतही नाही. पलीकडेच शेजारच्या काकूंची विहीर.

वहीत हिशेब मांडला. दहा लिटर ॲसिडमध्ये साडेतीन किलोच्या आसपास शुद्ध हायड्रोक्लोरिक. ते पूर्ण मारायला विरवलेला चुना तितकाच लागतो, साडेतीन किलो. बाजारातला चुना शुद्ध नसतो म्हणून पाच किलो आणला. खायचा सोडा वापरायचा तर आठ किलो, आणि फेसाने टब उतू जाईल. शनिवारी ओंजळ-ओंजळ टाकत, लाकडी दांड्याने ढवळत, चार तास. पाणी तापतं, म्हणून घाई नाही. पीएचची पट्टी नऊच्या पुढे गेल्यावर थांबलो. क्रोम त्याच्या आधीच खाली बसतं, निकलला तेवढं चढवावं लागतं. सकाळी वर स्वच्छ पाणी आणि तळाशी शेवाळी-तपकिरी गाळ, अळूच्या फतफत्यासारखा.

वरच्या पाण्यासकट सगळं घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून परत त्याच प्लेटिंगवाल्यांकडे नेलं. त्यांच्याकडे सांडपाणी शुद्ध करायची टाकी आहे, तिथला गाळ घातक कचऱ्याच्या गाडीने जातो. त्यांनी कॅनचं झाकण उघडून आत बघितलं.

"चुना मारलासा?"

"होय."

"किती डाव डुबवलं?"

"तीन वस्तू."

"तीन वस्तूला वीस लिटर!" ते हसले. आत हाक मारून पोराला कॅन घ्यायला सांगितले. पैसे घेतले नाहीत. "सायलेन्सर काढायचा झाला तर आधी हितं या," एवढंच म्हणाले.

पिंपाचं अर्धुक उरलं. ते धुऊन भिंतीला टेकवलं होतं. चुलतभाऊ आला, म्हशीला पाण्यासाठी मागायला लागला, बरं दिसतंय म्हणाला. त्याला नाही म्हटलं. तो गेल्यावर करवतीने मधोमध आडवं कापलं, म्हणजे त्यात परत कुणाला पाणी भरता येणार नाही.